कोऱ्या नळीतली रेघ

म्हैसूरच्या गोकुलममधल्या त्या प्रयोगशाळेत निळ्या चपलांचे जोड तीनच होते आणि त्यातला एक अंबाजीराव हंचाट्यांचा होता. ही बातमी ते भेटेल त्याला सांगत असल्यामुळे आपणही तिथूनच सुरुवात केलेली बरी. आतली खोली म्हणजे जिथे केळीच्या पानांतला डीएनए तपासण्याची मांडामांड होते ती. तिथे बाहेरची धूळ जाऊ नये म्हणून उंबऱ्यात चपला बदलायच्या, असा नियम होता. एक जोड लॅबच्या मालकीण डॉक्टर कांचन यांचा, दुसरा स्पंदना नावाच्या तंत्रज्ञ मुलीचा आणि तिसरा अंबाजीरावांचा. कुरियरवाला, रोपवाटिकांचे मालक, खुद्द घरमालक, सगळे उंबऱ्याबाहेर. दर शनिवारी अंबाजीराव आपला जोड साबणाने धुऊन रेशमी कापड वाळवावं तसा सावलीत वाळवत. चप्पल रबराची होती, उन्हाने तिचं काही बिघडलं नसतं. पण मान मिळालाय तर तो नीट सांभाळावा, अशा मताचा हा माणूस.

घराणं म्हैसूरमधल्या जुन्या भावसारांचं. पणजोबा लाकडी ठशांनी लुगडी छापत आणि आजोबांचा निळीचा रांजण साऱ्या पेठेत नावाजलेला होता. ते सगळं बंद पडून जमाना झाला. मागे उरली ती मराठी, तीही निम्मी कानडी झालेली, आणि देवघराशेजारचा एक तांब्याचा हंडा. अंबाजीरावांची उभी नोकरी रेशमाच्या गिरणीत, रंगखात्यात गेली. निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा वेळ जाईना म्हणून त्यांनी बायकोचे, म्हणजे इंदिराबाईंचे, मसाल्याचे डबे रंगाच्या छटेप्रमाणे लावून दिले. हळद बेसनाशेजारी आली आणि एका रविवारी भजी अशी काही पिवळीजर्द झाली की पाहुणे चहा पिऊनच उठले. दुसऱ्या दिवशी इंदिराबाई स्वतः चार ओळखीच्या घरी फिरल्या आणि नवऱ्यासाठी नोकरी शोधूनच परतल्या.

कांचन मॅडम साताऱ्याकडच्या. म्हैसूरला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कानडीत त्यांची गाडी अजून पहिल्याच गिअरमध्ये होती. समोर बसलेला म्हातारा मराठी बोलतोय हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी फारसं काही न विचारता त्याला कामावर घेतलं. त्याच्या मराठीतला प्रत्येक तिसरा शब्द कानडी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर तो कामाला लागला होता आणि काम खरोखर चोख करत होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टेबलं पुसायची, रॅक लावायचे आणि विकत आलेल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीतून दिवसभराच्या छोट्या छोट्या नळ्या भरून ठेवायच्या. हे पाणी साधं नव्हे. त्यात काही म्हणता काही नसतं, आणि त्या काही नसण्याचेच पैसे कंपनी घेते, हे अंबाजीरावांना फार गमतीचं वाटे.

लॅबचं मुख्य काम केळीच्या रोपांचं. पर्णगुच्छ नावाचा विषाणू केळीत शिरला की पानं शेंड्याशी झुपक्यासारखी गोळा होतात आणि घड धरत नाही. रोप लहान असताना हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पानाच्या तुकड्यातून डीएनए काढायचा आणि त्यात विषाणूचा एखादा तरी धागा असला तर त्याच्या इतक्या नकला करायच्या की तो दिसलाच पाहिजे. या नकला करण्याच्या रीतीला पीसीआर म्हणतात. भावसार समाजाच्या कार्यालयात कुणाचं लग्न असलं की पंगत बसेपर्यंत अंबाजीराव ही रीत नातेवाइकांना समजावत. ते म्हणत, डीएनए म्हणजे दोन पदरी दोरा. यंत्र त्याला तापवतं, पदर सुटे होतात. मग गार करतं, तेव्हा प्रत्येक पदराच्या टोकाशी प्रायमर नावाचा छोटा तुकडा येऊन बसतो, आणि तिथून पुढे एक एन्झाइम त्या पदराला नवा जोडीदार विणून देतं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापव, पुन्हा गार कर, दोनाचे चार. आपल्या आजोबांकडे ठसा एक आणि छापे हजार, पण छाप तो छापच राहायचा. इथे प्रत्येक छापाचाच पुढे ठसा होतो. दुपारच्या चहापर्यंत एकाचे अब्जावधी. इतकं ऐकेपर्यंत पानं मांडली जात आणि नातेवाईक सुटत.

आता या कामात एक कोरी नळी असते. तिच्यात सगळं घालायचं, फक्त केळीचा डीएनए घालायचा नाही, त्याऐवजी तेवढंच पाणी. शेवटी जेलच्या वडीवर सगळ्या नळ्यांतला माल ओळीने चालवायचा आणि निळ्या उजेडात बघायचं. विषाणू असेल तिथे चकाकती रेघ दिसते. कोऱ्या नळीच्या जागी अंधार दिसला पाहिजे. तिथेही रेघ आली, तर कुठून तरी जुना डीएनए शिरलाय, आणि त्या दिवसाचा एकही निकाल खरा मानता येत नाही.

तर त्या वर्षी कोऱ्या नळीत रेघ यायला लागली.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, होतं असं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळंच बदलायला घेतलं. प्रायमर नवे मागवले, एन्झाइम नवं आलं, पिपेट धुऊन निघाले, रेघ जागच्या जागी. पाण्यावर संशय आला तेव्हा पाण्याची कंपनी बदलली, मग तीही बदलली. तिसऱ्या कंपनीला मॅडमनी असं खरमरीत पत्र लिहिलं की तिने माफी मागून एक बाटली फुकट पाठवली. त्या फुकटच्या बाटलीच्या पाण्यातही रेघ आली. मॅडमना रडूच यायचं बाकी होतं.

पिरियापट्टणच्या एका शेतकरी गटाने तंबाखू सोडून केळी लावायची ठरवली होती. रोपं पिशव्यांत तयार होती, शेतं नांगरून झाली होती, आणि लॅबचा दाखला आल्याशिवाय रोपवाटिका रोपं हलवायला तयार नव्हती. गटाचा पुढारी शरत नावाचा तरुण होता. तो रोज फोन करून आधी मॅडमच्या तब्येतीची चौकशी करायचा, आणि मॅडमना तीच चौकशी सगळ्यात जास्त लागायची. शेवटी एका शुक्रवारी त्यांनी स्पंदना आणि अंबाजीराव दोघांना समोर बसवून सांगितलं की सोमवारपर्यंत कोरी नळी कोरी निघाली नाही तर नमुने बंगळुरूला जातील आणि आतली खोली बंद होईल. पुढे इथे फक्त पानं गोळा करून पाठवायची. मग आतल्या खोलीतल्या माणसांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. अंबाजीरावांनी आपल्या निळ्या चपलांकडे पाहिलं.

खरं तर चोर शोधायची मोहीम त्यांनी आधीच हाती घेतली होती आणि रेशमाच्या गिरणीत डाग पडलेल्या थानाची चौकशी व्हायची त्या थाटात ते ती चालवत होते. पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या परदेशी योगवाल्यांवर. ते सकाळी खिडक्या उघड्या टाकून जोरजोराने श्वास सोडत. तो श्वास जिन्याने खाली येतो, असं अंबाजीरावांचं म्हणणं. त्यांनी जिन्याचं दार लावून घ्यायला सुरुवात केली आणि एक जर्मन बाई चटईसकट अर्धा तास जिन्यात अडकून पडली. मग पाळी स्पंदनाची. तिच्या केसांत रोज मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा असे, तो बंद झाला. डब्यात केळं आणायला बंदी, केळफुलाच्या भाजीला बंदी, देवळातून प्रसाद आला तर केळं रस्त्यातच खाऊन, चूळ भरून यायचं. स्पंदना गुणी पोर. अंकल म्हणतायत म्हणून तिने सगळं ऐकलं. फक्त गजरा सोडणं तिला जड गेलं.

रेघ तरीही हलली नाही. मग अंबाजीरावांची नजर आतल्या खोलीच्या खिडकीबाहेर गेली आणि तिथे त्यांना केळ दिसली.

ही केळ घरमालक संकर्षण आचारांची. त्यांच्या बायकोने माहेरून, नंजनगूडहून, रसबाळे जातीच्या केळीचा कोंब आणून लावला होता. बाई गेल्यावरही आचार तिला रोज सकाळी पाणी घालत आणि पहिलं केळं देवाला ठेवत. तिचं एक पान वाऱ्याने खिडकीच्या काचेवर टेके. अंबाजीरावांनी ते पान टेकताना पाहिलं आणि त्यांची खात्रीच झाली. मॅडम म्हणाल्या की खिडकी कायमची बंद आहे, पानातून असा विषाणू उडत नाही. पण त्या इतक्या थकल्या होत्या की नको असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही. अंबाजीराव आचारांकडे गेले आणि कानडीत तासभर बोलले. पिरियापट्टणचे शेतकरी, त्यांची शेतं, सगळं आलं त्यात. आचारांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि कोयता आणून अंबाजीरावांच्या हातात दिला. स्वतः मात्र घरात जाऊन दार लावून बसले.

ती केळ शनिवारी कापली. अंबाजीरावांनी तिच्या पानाचा तुकडा मुद्दाम तपासायला लावला. केळीच्या नळीत रेघ आली, पण तिला काही अर्थ नव्हता. कोऱ्या नळीतही रेघ होती.

रविवारी सकाळी अंबाजीराव दोशाच्या ताटावर बसले, पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. ओट्याशी इंदिराबाई नव्याने वाटलेलं पीठ डब्यात ओतत होत्या. डब्याच्या तळाशी कालचं पळीभर पीठ तसंच ठेवलं होतं, त्यावर नवं. चाळीस वर्षं हे अंबाजीरावांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. आज त्यांनी उगाच विचारलं की डबा धुऊन का नाही घेत. इंदिराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मसाल्याचे डबे पुन्हा हलवायची भाषा निघाली आहे.

"जुनं नसलं तर नवं उठायचं कसं हो?"

"किती लागतं जुनं?"

"स्वल्प पुरतं. डब्याला चिकटलेलं असलं तरी पुरतं. उद्या बघा कसं काठापर्यंत येतं."

अंबाजीरावांचा घास हातातच राहिला.

आजोबांच्या रांजणाची रीत अशी होती की तो कधी रिता करायचा नाही. नीळ संपत आली तरी तळाशी थोडी ठेवायची आणि नवी तिच्यातच घालायची. जुनीशिवाय नवी नीळ धरत नाही. धंदा गेला, रांजण फुटला, पण शेवटची पळीभर नीळ त्या तांब्याच्या हंड्यात ठेवलेली होती, आणि दर दसऱ्यात आयुधपूजेला घरातला कर्ता पुरुष त्यात तांब्याभर पाणी घालत असे. हात इतका वळलेला की अंबाजीराव शाईच्या दौतीपासून दाढीच्या साबणापर्यंत कुठलंही भांडं रितं करत नसत. लॅबमध्ये पाण्याची नवी बाटली उघडली की सकाळी, कुणी यायच्या आत, जुन्या बाटलीतलं टोपणभर पाणी ते नव्या बाटलीत घालत. चोरून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असंच त्यांना कधी वाटलं नव्हतं.

केव्हातरी कुणाच्या तरी हातून, नकला झालेल्या मालाचा एक बारीकसा शिंतोडा पाण्यात पडला असणार. आणि अंबाजीरावांनी तो एका बाटलीतून दुसरीत, एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे, भक्तिभावाने पोचवला होता. फुकटच्या बाटलीतसुद्धा.

इंदिराबाईंनी दुसरा दोसा वाढला. तो अंबाजीरावांनी खाल्ला नाही. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं.

सोमवारी बसमध्ये त्यांना एक सोपी वाट दिसली, आणि ती इतकी सोपी होती की त्यांना घाम फुटला. लवकर पोचायचं. उघडलेली बाटली आणि भरलेल्या नळ्या मोरीत ओतायच्या. सीलबंद बाटली फोडून तिच्यातून नव्या भरायच्या. कोरी नळी कोरी निघेल, रेघ जशी आली तशी गेली म्हणतील, केळ कापल्यानेच गेली असंही म्हणतील. उलट अंबाजीरावांची पाठ थोपटली जाईल. चपला पायात राहतील. बस उतरून गोकुलमच्या वळणावर येईपर्यंत हा बेत पक्का झाला होता.

पण फाटकातून आत शिरताना त्यांना आचार दिसले. हातात झारी होती. रोजच्या सवयीने ते पाणी घालायला आले होते आणि केळीच्या खुंटापाशी येऊन थांबले होते. अंबाजीरावांना पाहून त्यांनी विचारलं की मिळाला का तुमच्या शेतकऱ्यांना दाखला. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं.

कांचन मॅडम आल्या तेव्हा अंबाजीराव आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर अनवाणी उभे होते. निळ्या चपला धुऊन, पुसून, भिंतीशी ठेवल्या होत्या.

"मॅडम, चोर मीच," ते म्हणाले. "सुम्मने, उगाच दुसऱ्यांच्या मागे लागलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपण, बाटली, रांजण, हंडा, दोशाचं पीठ, जसं आठवेल तसं, मराठी आणि कानडी एकमेकांत कालवून. मॅडमचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. तीन कंपन्यांना आपण काय काय लिहिलं ते त्यांनी मोठ्याने आठवून काढलं आणि अंबाजीरावांना ते सगळं ऐकावं लागलं. शरतचे फोन आठवले, तेव्हा त्यांचा आवाज चढला. स्पंदना दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.  मग मॅडमनी वेगळंच विचारलं.

"त्या हंड्यात अजून रंग आहे?"

"दिसत नाही, मॅडम," अंबाजीराव म्हणाले. "पण आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची कोरी नळी इतके आठवडे अगदी हेच सांगत होती, अंबाजीराव."

आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग आवरेचना. स्पंदनाही हसली. अंबाजीराव हसले नाहीत. आपण आता जायचं की थांबायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

"चपला घाला," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

मोरीवर जाऊन त्यांनी अंबाजीरावांना भरलेल्या नळ्या फेकायला लावल्या आणि मग उघडी बाटली उपडी करायला सांगितलं. अंबाजीरावांनी बाटली कलंडली. पाणी गेलं, आणि टोपणभर उरलं तेव्हा मनगट आपोआप सरळ झालं. त्यांनी पुन्हा कलंडली, पुन्हा तिथेच अडली. साठी उलटलेल्या माणसाचा हात, सांगून ऐकत नव्हता.

"सगळं," मॅडम म्हणाल्या. आवाज बराच मऊ होता.

अंबाजीरावांनी मनातल्या मनात आजोबांना हात जोडले, इथे तुमचं चालत नाही म्हणून सांगितलं, आणि बाटली उपडी करून वर तळावर दोन चापट्या मारल्या. ती बाटली, तो रॅक, सगळं कचऱ्यात गेलं. टेबलं पुन्हा पुसली गेली. सीलबंद बाटली मॅडमनी स्वतः फोडली आणि अंबाजीरावांच्या हातात दिली. कोरी नळी तुम्हीच भरा, म्हणाल्या.

यंत्र तापत होतं, गार होत होतं, तेवढा वेळ अंबाजीराव बाहेर स्टुलावर बसून होते. आत एकाचे दोन, दोनाचे चार चाललं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून इच्छा करत होते की काहीही होऊ नये. जेल चालून झालं. निळा उजेड लागला. पलीकडच्या टोकाला मुद्दाम ठेवलेल्या रोगट नमुन्याची रेघ लखलखत होती. पिरियापट्टणच्या रोपांच्या आणि आचारांच्या केळीच्या जागा मोकळ्या होत्या. आणि शेवटी, कोऱ्या नळीच्या जागी, काहीच नव्हतं.

"क्लीन, अंकल," स्पंदना म्हणाली.

अंबाजीराव त्या अंधाऱ्या पट्टीकडे बघत राहिले. लहानपणापासून रितं भांडं पाहिलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. आज ते त्या रितेपणापासून हलायला तयार नव्हते. शेवटी मॅडमनी दिवाच घालवला, तेव्हा उठले.

शरतला फोन गेला. त्याने सवयीने आधी तब्येत विचारली आणि या वेळी मॅडमनी ती सविस्तर सांगितली. संध्याकाळी अंबाजीराव रोपवाटिकेने दिलेलं रसबाळेचं एक तपासलेलं रोप घेऊन आचारांच्या दाराशी गेले. केळ निर्दोष होती आणि गुन्हा आपला होता, हे त्यांनी सरळ सांगितलं. आचारांनी रोप घेतलं. ते अंबाजीरावांना खुंटापाशी घेऊन गेले आणि बोटाने दाखवलं. कापलेल्या खुंटाच्या बुडाशी एक कोवळा हिरवा कोंब वर आला होता. तुमचं रोप पलीकडे लावू, ते म्हणाले, आणि फावडं अंबाजीरावांच्या हातात दिलं. खड्डा खणून घरी जायला अंबाजीरावांना उशीर झाला.

इंदिराबाई वाट बघत होत्या. ओट्यावरचं पीठ काठापर्यंत फुगून आलं होतं. त्यांनी तव्यावर पहिला दोसा टाकला आणि पाठमोऱ्याच विचारलं की सापडला का लॅबमधला चोर.

"सापडला."

"मग? काढला त्याला?"

"नाही," अंबाजीराव पाटावर बसत म्हणाले. "ठेवलंय. निळ्या चपला पण दिल्यात."

इंदिराबाईंनी वळून नवऱ्याच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. चाळीस वर्षं त्या या माणसाचा कधीच रिता न होणारा दाढीच्या साबणाचा डबा बघत आल्या होत्या.

"काल दोसा टाकून उठलात तेव्हाच कळलं मला," त्या म्हणाल्या, आणि कालचा राहिलेला धरून दोन वाढले.